मुलाचं औषध, दूरच्या पालकाचे पैसे आणि सरकारचा हिशोब

अमेरिकेत मेडिकेडसाठी, म्हणजे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी आरोग्यसंरक्षणासाठी, अर्ज करताना एक प्रश्न येतो: मुलाची आई किंवा वडील घराबाहेर राहतात का? उत्तर ‘हो’ असेल तर सही करण्याआधी आणखी एक गोष्ट मान्य करावी लागते. बाहेर राहणाऱ्या पालकाकडून उपचाराचा खर्च वसूल करणारं खातं आपल्याकडे सहकार्य मागेल; मात्र त्यामुळे आपल्याला किंवा मुलांना धोका आहे असं वाटलं, तर तसं सांगता येईल आणि कदाचित सहकार्यातून सूट मिळेल. तापाने फणफणलेलं मूल मांडीवर घेऊन फॉर्म भरणारी आई या दोन वाक्यांवर फार वेळ थांबत नाही. पण तिने थांबायला हवं. या सहीने तिचा एक कायदेशीर हक्क सरकारकडे जातो आणि तिच्या मुलाच्या बापाशी सरकारचा एक स्वतंत्र व्यवहार सुरू होतो.

मेडिकेडचा कायदा ३० जुलै १९६५ रोजी राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्या सहीने झाला. योजना राज्यं चालवतात. नेहमीच्या उपचारांच्या खर्चातला किमान निम्मा वाटा केंद्र सरकार देतं, आणि गरीब राज्यांना त्याहून जास्त. दोन वर्षांतच, १९६७ च्या दुरुस्तीत, एक तत्त्व कायद्यात आलं, आणि पुढचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे: मेडिकेडने सर्वांत शेवटी पैसे द्यायचे. रुग्णाचा खर्च देण्याची जबाबदारी आधी दुसऱ्या कुणाची असेल, मग ती विमा कंपनी असो, अपघात करणारा वाहनचालक असो किंवा पोटगी देणं लागणारा पालक, तर पहिला हात त्याने खिशात घालायचा. उरलेलं सरकार बघेल.

हे तत्त्व मला योग्य वाटतं. ज्याला चांगली नोकरी आहे, कंपनीचा आरोग्य विमा आहे, त्याने संसार मोडला म्हणून मुलाचा दवाखाना करदात्यांवर टाकावा, हे कुणालाच पटणार नाही. अडचण सुरू होते ती ‘शेवटी’ म्हणजे नक्की कधी, आणि वसूल झालेला पैसा जातो कुणाकडे, या प्रश्नांपाशी.

मुलांच्या पोटगीची वसुली करणारी राष्ट्रीय यंत्रणा जानेवारी १९७५ मध्ये, जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने अस्तित्वात आली. सुरुवातीला तिचं लक्ष रोख पोटगीवर होतं. १९७७ मध्ये राज्यांना मुभा मिळाली की, मेडिकेड घेणाऱ्याकडून त्यांनी वैद्यकीय पोटगीचा हक्क लिहून घ्यावा. १९८४ पासून ते सगळ्या राज्यांना बंधनकारक झालं. तेव्हापासून मेडिकेड घेणारी प्रौढ व्यक्ती स्वतःच्या आणि मुलांच्या वतीने दोन हक्क राज्याच्या नावे करते: उपचारांचा खर्च तिसऱ्या कुणाकडून मिळवण्याचा, आणि कोर्टाने खास वैद्यकीय कारणासाठी ठरवलेल्या पोटगीचा.

‘खास वैद्यकीय कारणासाठी’ हे शब्द पक्के लक्षात ठेवावेत, कारण गोंधळ होतो तो इथेच. कोर्टाच्या आदेशात लिहिलं असेल, ‘दरमहा ४०० डॉलर मुलाच्या संगोपनासाठी आणि ८० डॉलर उपचारांसाठी’, तर मेडिकेड घेणाऱ्या आईचे फक्त ८० डॉलर राज्याकडे वळतात. ४०० तिचेच. एवढंच नव्हे, तर मेडिकेडसाठी मुलाचं उत्पन्न मोजताना ती संगोपनाची पोटगी सर्वसाधारणपणे धरलीही जात नाही. रोख कल्याणभत्ता घेणाऱ्या कुटुंबांचा नियम वेगळा आहे, तिथे संगोपनाच्या पोटगीवरही राज्य हक्क सांगतं. दोन्ही योजनांची कामं बऱ्याचदा एकाच कचेरीत, एकाच खिडकीवर होत असल्यामुळे अनेक आयांची समजूत होते की मेडिकेड घेतलं की सगळी पोटगी सरकारजमा. ते खरं नाही, आणि या भीतीने मुलाचं आरोग्यसंरक्षण सोडून देणं हे फार मोठं नुकसान आहे.

वैद्यकीय पोटगी दोन रूपांत येते: विमा किंवा रोख. विम्याचा इतिहास बोलका आहे. १९९३ पर्यंत विमा कंपन्या आणि मालक नाना कारणं सांगून मुलांना नकार देत. आईवडिलांचं लग्न झालेलं नाही, बाप आयकराच्या विवरणात मुलाचं नाव दाखवत नाही, मूल त्याच्या घरी राहत नाही, नाव नोंदवण्याचा हंगाम संपला. १९९३ च्या कायद्याने राज्यांना ही सगळी कारणं बेकायदा ठरवायला लावली. कोर्टाचा आदेश असेल तर मालकाने मुलाला वर्षातल्या कोणत्याही दिवशी बापाच्या विम्यात घ्यायचं, आणि बापाने अर्ज केला नाही तर आईने किंवा सरकारी खात्याने केलेला अर्ज चालवून घ्यायचा. विम्याचे पैसे बापाच्या हातात जाऊन अडकू नयेत म्हणून ते थेट आईला, डॉक्टरला किंवा राज्याला देण्याची सोयही त्यातच झाली.

तरीही मालकांची एक रास्त तक्रार होती. पन्नास राज्यांतून पन्नास तऱ्हांचे कागद येत, आणि त्यातला कोणता कायद्याने पुरेसा, हे कुणालाच कळत नसे. १९९८ च्या कायद्याने त्यावर देशभरासाठी एकच नमुना आणला: राष्ट्रीय वैद्यकीय पोटगी सूचना. तिचा पहिला भाग मालकासाठी, दुसरा विमा योजना चालवणाऱ्यासाठी. सूचनेच्या तारखेपासून कामाच्या २० दिवसांत मालकाने दुसरा भाग पुढे पाठवायचा, आणि मुलाची विम्यात नोंद झाली की हप्ता पगारातून कापायला लागायचं. बाप नोकरी बदलतो तेव्हा नवा मालक त्याची नोंद राज्याकडे करतो. १९९६ च्या कायद्याने उभारलेल्या नव्या नोकरदारांच्या राष्ट्रीय नोंदवहीत ती पोचते आणि खात्याला नवा पत्ता सापडतो. पगारातून किती कापता येईल यालाही केंद्रीय कायद्याची मर्यादा आहे. दुसरं कुटुंब पोसत असेल तर हातात येणाऱ्या पगाराच्या ५० टक्के, नसेल तर ६०, आणि थकबाकी बारा आठवड्यांहून जुनी असेल तर दोन्हीकडे आणखी ५ टक्के.

कागदावर विमा मिळाला म्हणजे मुलाला डॉक्टर मिळाला असं होत नाही. बाप टेक्सासमध्ये, मूल ओहायोत, आणि विमा फक्त टेक्सासातल्या ठरावीक दवाखान्यांपुरता, तर त्याचा मुलाला काडीचा उपयोग नाही. म्हणून आदेश देताना कोर्टाने विमा परवडणारा आहे का आणि मुलाच्या आवाक्यात आहे का, हे दोन्ही बघायचं असतं. आवाक्याचं माप बरीच राज्यं मैलांत किंवा प्रवासाच्या मिनिटांत ठरवतात. परवडण्याचं माप २००८ च्या केंद्रीय नियमाने दिलं: खर्च त्या पालकाच्या एकूण उत्पन्नाच्या ५ टक्क्यांपर्यंत, राज्याला दुसरं वाजवी माप ठरवण्याचीही मोकळीक. त्याच सुमाराच्या बदलांनी हेही स्पष्ट झालं की विम्याचा आदेश दोघांपैकी कुणाही पालकाला देता येतो. आईच्या कंपनीचा विमा चांगला असेल तर तिलाच. बापाचा विमा असला तरी मुलाचं मेडिकेड बंद होत नाही. आधी विमा पैसे देतो. त्यात न बसलेलं पण मेडिकेडमध्ये मान्य असलेलं मेडिकेड भरतं.

आता या व्यवस्थेतला सर्वांत शहाणा नियम. मेडिकेड शेवटी पैसे देणार असेल, तर बापाच्या विमा कंपनीशी पत्रव्यवहार संपेपर्यंत मुलाने काय करायचं? मुलांच्या बाबतीत कायद्याने इथे क्रम उलटा केला. लसीकरण, कान-डोळ्यांची तपासणी, वाढीची नोंद अशा प्रतिबंधक सेवांचं बिल मेडिकेडने सर्वसाधारणपणे आधी भरायचं आणि नंतर विमा कंपनीमागे लागायचं. ज्या मुलाच्या पोटगीची वसुली सरकारी खातं करत आहे, त्याच्या बाबतीतही डॉक्टरला अंतहीन वाट बघायला लावायची नाही. बापाच्या विम्याकडे बिल पाठवल्यावर ठरावीक मुदतीत पैसे आले नाहीत तर मेडिकेड पैसे देतं. ही मुदत पूर्वी ३० दिवसांची होती, २०१८-१९ च्या दुरुस्त्यांनी ती १०० दिवसांपर्यंत गेली. सरकारचे पैसे वाचावेत हा त्यामागचा हेतू. पण लहान गावातल्या एकट्या बालरोगतज्ज्ञासाठी तीन महिने थकलेलं बिल ही किरकोळ बाब नसते, आणि अशी बिलं साचली की पुढच्या वेळी ‘मेडिकेडची मुलं आम्ही घेत नाही’ हे वाक्य सोपं होतं. मुदत वाढवणं मला चुकीचं वाटतं. वसुलीचा त्रास ज्याच्याकडे वकील आणि संगणक आहेत त्या खात्याने सोसावा, डॉक्टरने नव्हे.

रोख वैद्यकीय पोटगीचा हिशोब कसा होतो, तो एका उदाहरणाने बघू. समजा, मुलाच्या आरोग्यसंरक्षणापोटी मेडिकेड एका संस्थेला दरमहा २५० डॉलर देतं. राज्याचा वाटा ४० टक्के, केंद्राचा ६०. बापाला रोख वैद्यकीय पोटगीचा आदेश आहे ८० डॉलरचा, आणि तो ती इमानाने भरतो. या ८० पैकी ३२ डॉलर राज्याचे, ४८ केंद्राचे. वसुली जिल्हा पातळीवरच्या कचेरीने केली असेल तर वसूल रकमेच्या १५ टक्के, म्हणजे १२ डॉलर, तिला प्रोत्साहन म्हणून मिळतात, तेही केंद्राच्या वाट्यातून. केंद्राकडे उरले ३६. आईच्या हातात शून्य, कारण मेडिकेडचा खर्च वसुलीपेक्षा मोठा आहे. खर्चाहून जास्त वसुली झाली तरच वरची रक्कम कुटुंबाला मिळते, आणि एवढ्या उत्पन्नाच्या घरांत असं क्वचितच घडतं.

एक बाजू अशी मांडता येते की मुलाला संरक्षण मिळालंच आहे, मग ८० डॉलर सरकारला गेले तर बिघडलं काय? थोडं बिघडतं. बापाची ऐपत मर्यादित असते. ताशी वेतनावर काम करणाऱ्याच्या पगारातून ८० डॉलर वैद्यकीय म्हणून गेले की ४०० ची पोटगी थकण्याचा धोका वाढतो, आणि मुलाचे बूट, दूध, भाडं त्या ४०० मधूनच येतं.

इथे एक आडवळणाचा धोका सांगायला हवा. हक्क राज्याला लिहून दिल्यावर बापाने उपचारांसाठीच्या आदेशातली रक्कम आईच्या हातात दिली, तर ती खात्याला कळवून जमा करणं हा तिच्या सहकार्याचा भाग आहे. भांडण मिटलंय, तो दर महिन्याला येऊन पैसे देतो, अशा घरांत हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. आणि बापाच्या बाजूनेही तोटा आहे: हातात दिलेल्या रकमेची नोंद नसल्यामुळे खात्याच्या वहीत तो थकबाकीदारच राहू शकतो. या सहीची पोच किती लांब जाते, हे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयातल्या फ्लोरिडाच्या एका खटल्याने दाखवलं. शाळेच्या बसमधून उतरल्यावर ट्रकने उडवल्यामुळे आयुष्यभराचं अपंगत्व आलेल्या मुलीला ८ लाख डॉलरची तडजोड मिळाली होती. हक्क लिहून देण्याच्या याच कलमाचा आधार घेऊन न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी ठरवलं की त्या रकमेतल्या भविष्यातल्या उपचारांच्या वाट्यावरही राज्य हात ठेवू शकतं.

सहकार्य न करणाऱ्या आईचं काय होतं? तिचं स्वतःचं मेडिकेड नाकारलं जाऊ शकतं किंवा बंद होऊ शकतं. मुलाचं नाही. मोठ्यांच्या वागण्याची शिक्षा मुलाला नको, ही रेषा कायद्याने स्पष्ट आखली आहे. गरोदर बाईला बाळाचं पितृत्व सिद्ध करायला मदत करण्याची सक्ती नाही. आणि सहकार्य केल्याने शारीरिक वा मानसिक इजेची भीती असेल तर वाजवी कारण म्हणून सूट मागता येते. या सवलतीची खरी गरज कुठे पडते ते बघा. मारहाण करणाऱ्या नवऱ्यापासून पळून आलेली बाई दुसऱ्या गावात लपून राहते. मूल त्याच्या विम्यात नोंदलं जातं. मूल आजारी पडतं, डॉक्टर विम्याकडे बिल पाठवतो, आणि विमा कंपनी नेहमीच्या पद्धतीने खर्चाचा तपशील विमाधारकाच्या पत्त्यावर पाठवते. त्यावर दवाखान्याचं नाव असतं. शोधणाऱ्याला तेवढं पुरतं. अशा बाईने काहीही लपवायची गरज नाही. तिने भीती आहे हे स्पष्ट सांगायला हवं, आणि अर्ज घेणाऱ्याने तो प्रश्न तिला नीट, बाजूला घेऊन विचारायला हवा.

वसुलीचं सर्वांत कठोर रूप विस्कॉन्सिन राज्यात दिसतं. अमेरिकेत दर दहा बाळंतपणांपैकी सुमारे चारांचा खर्च मेडिकेड उचलतं. आई अविवाहित असेल आणि बाळंतपण सरकारी योजनेतून झालं असेल, तर विस्कॉन्सिनमध्ये बापावर त्या खर्चाचा भार टाकता येतो. सूत्र असं की निम्म्या खर्चाहून जास्त नाही, आणि बापाच्या मासिक उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या हिशोबाने ३६ महिन्यांत जेवढे होतील त्याहूनही जास्त नाही. वसूल पैशातला १५ टक्के वाटा कौंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे, राहतो. लग्न झालेल्या जोडप्याचं बाळंतपण त्याच योजनेतून झालं तर असं बिल येत नाही.

समर्थकांचं म्हणणं, जबाबदारी शिकवायची आहे. परिणाम दुसराच होतो. बाळ जन्मलं तेव्हाच तरुण बाप हजारो डॉलरच्या कर्जात सुरुवात करतो, आणि ते कर्ज बाळाचं नाही, सरकारचं. आईला धाक वाटतो की मेडिकेड घेतलं तर त्याच्यावर बोजा येईल, तो चिडेल, निघून जाईल. गरोदरपणात नियमित तपासणी सर्वांत मोलाची असते, तेव्हाच तिने योजनेपासून दूर राहावं असा हा दबाव आहे. आई आणि बाळासोबत राहून घराला हातभार लावणाऱ्या बापांना या वसुलीतून वगळण्याची तरतूद तिथे आहे, म्हणजे नियम घरं तोडतो हे राज्यालाही कळलं आहे. राजधानी मॅडिसन ज्या कौंटीत आहे, त्या डेन कौंटीने २०२० मध्ये नव्या प्रकरणांत ही वसुली थांबवली. बाकी कौंट्यांनीही तेच करायला हवं.

उलट दिशेचा एक चांगला बदल डिसेंबर २०१६ च्या केंद्रीय नियमांनी केला. त्याआधी कोर्टाचा रोख खासगी विम्याकडे असे. नव्या नियमात मेडिकेडसारखं सरकारी संरक्षणही ‘आरोग्यसंरक्षण’ म्हणून धरता येतं. त्यामुळे मूल मेडिकेडमध्ये आहे, बापाची कमाई तुटपुंजी आहे, कंपनीचा विमा महाग आहे, अशा प्रकरणात न्यायाधीशाला त्याच्यावर न झेपणारा आदेश लादावा लागत नाही. त्याच नियमांनी तुरुंगात असण्याला ‘स्वेच्छेची बेकारी’ मानायला मनाई केली, नाहीतर कोठडीतल्या बापाची थकबाकी वाढतच राहायची. ऐपत आहे त्याच्याकडून विमा घ्या, ऐपत नाही त्याच्याकडून कागदी थकबाकी साठवू नका, ही दिशा बरोबर आहे.

अमेरिकेतल्या मराठी घरांशी या सगळ्याचा संबंध येतो तो अनेकांना कल्पना नसते तिथे. मूल तिथे जन्मलं असेल तर ते नागरिक आहे. आईवडील व्हिसावर असले तरी घराचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर मुलाला मेडिकेड मिळू शकतं. घटस्फोटानंतर, नोकरी करण्याची परवानगी नसलेल्या आईच्या घराचं उत्पन्न एका महिन्यात शून्यावर येऊ शकतं. वडील पुण्याला किंवा नाशिकला परतले की मग खात्याचं बळ आटतं. मालकाला पाठवायची सूचना भारतातल्या कंपनीला बंधनकारक नाही. मुलांच्या पोटगीच्या परदेशी वसुलीसाठी २००७ चा हेग करार आहे, अमेरिकेत तो १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे, पण भारत त्यात सामील नाही. अमेरिकेच्या कोर्टाचा हुकूम भारतात थेट बजावताही येत नाही. त्यासाठी इथे नवा दावा लावावा लागतो. त्या दाव्याला आधार मात्र आहे: १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्याने निर्वाहाच्या व्याख्येतच वैद्यकीय उपचार धरले आहेत. वडील अमेरिकी नागरिक असतील तर एक मोठा दबाव आहे. पोटगीची थकबाकी २,५०० डॉलरच्या वर गेली की पासपोर्ट नाकारला जातो.

अशा वळणावर कुणी ओळखीचं उभं असेल तर तिला एवढं जरूर सांगा. मुलाचं मेडिकेड तुझ्या भांडणावर अवलंबून नाही, तेव्हा अर्ज आधी कर. घटस्फोटाच्या आदेशात संगोपनाची आणि उपचारांची रक्कम वेगळी लिहिली आहे का, हे वकिलाकडून समजून घे, कारण दुसरी सरकारकडे जाईल. त्याने दिलेले पैसे बँकेतून किंवा खात्यामार्फतच घे. ज्या महिन्यात मुलाचं मेडिकेड संपेल त्याच महिन्यात खात्याला कळव, म्हणजे तिथून पुढची वैद्यकीय पोटगी तुझ्याकडे वळेल. आणि त्याची भीती वाटत असेल तर सही करण्याआधी ते तोंडाने सांग आणि लेखी दे.